आधी कान, मग खोगीर

देवनारच्या पोरांना घेऊन मे महिन्यात माथेरानला घोड्यांचं शिबिर करायचं म्हणतेस, तर मामाचं थोडं ऐकून घे. आपली पोरं जनावराला बुजत नाहीत. 1971 पासून कत्तलखाना दारात आहे. बकरी ईदचा बाजार भरला की ती बोकडांच्या गर्दीतच हुंदडतात. ही त्यांची जमेची बाजू, आणि धोकाही तिथेच. समोरून जाऊन बोकडाचा कान धरायची त्यांच्या हाताला सवय असते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. कडेचं, मागचंही त्याला पुष्कळ दिसतं, पण कपाळासमोरचा थोडा भाग आणि थेट शेपटीमागचा भाग दिसत नाही. तिथून अचानक हात आला की तो दचकतो, मग उधळतो नाहीतर लाथ झाडतो. म्हणून पोरांना त्याच्या डाव्या खांद्याकडे तिरकं, बोलत बोलत जायला शिकव. पहिला हात खांद्यावर ठेवायचा. तोंडाला मागाहून.

पहिल्या दिवशी कुणालाही पाठीवर बसवू नकोस. पैसे भरलेले आईबाप कुरकुर करतील, ती सोस. त्या दिवशी फक्त कान बघायचे. दोन पोरांना एक घोडा दे आणि दहा मिनिटं गप्प उभं कर. कान पुढे ताठ म्हणजे समोर काहीतरी दिसलंय. कान मानेला चिकटवून मागे पाडले की तो चिडलाय, निमूट बाजूला व्हायचं. आणि एक कान पुढे, एक मागे असला तर त्याचं मागच्या माणसाकडेही लक्ष आहे. माझ्या एका शिबिरात आठेक वर्षांची एक मुलगी पहिल्या दिवशी रडत आली होती. तिसऱ्या दिवशी खोगिरावरून हळूच म्हणाली, ‘मी बोलले की याचा डावा कान माझ्याकडे वळतो.’ त्यानंतर तिला मला काही वेगळं शिकवावं लागलं नाही.

मग मराठ्यांच्या घोडदळातले बारगीर आणि शिलेदार सांग. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराला तो सरकारी पागेतून मिळायचा. पोरांना म्हणावं, तुम्ही सगळे बारगीर. घोडा दुसऱ्याचा आहे, जसा घेतला तसाच परत द्यायचा. मग खरारा करायला पोरं आपणहून पुढे येतात. डाव्या बाजूनेच का चढायचं, तेही इथेच सांगून टाक: तलवार डाव्या कमरेला लटकायची, उजवा पाय वरून टाकताना ती आड यायला नको.

बसवण्याआधी तंग तू स्वतः ओढून बघ. खोगीर चढवताना काही घोडी पोट फुगवतात. चार पावलं चालली की तंग ढिला पडतो. म्हणून चालवून पुन्हा आवळायचा. रिकिबीत नुसता चवडा, टाच खाली. सपाट चपला घालून आलेल्याला बसवू नकोस, पाऊल आरपार गेलं तर पडल्यावर पोर फरफटत जाईल. आणि घोड्याचा दोर हाताला कधी गुंडाळू द्यायचा नाही. माझ्या उजव्या हाताचं मधलं बोट अजून वाकडं आहे, ते एवढ्याच चुकीपायी. घोडा माकडाला बुजला आणि मला दोर सोडवता आला नाही.

खाऊचं मात्र कडक ठेव. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं वावगं बाहेर पडत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो. वडापाव, बिस्किटं, चॉकलेट बंद. गाजर द्यायचं तर लांबट फोड करून, तळवा सपाट, अंगठा आत चिकटवून.

उन्हात जांभ्याचे रस्ते तापतात. सवारी सकाळी नऊच्या आत उरकून घे, दुपारी घोडे सावलीत बांधलेले असू देत. घोड्याला दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी लागतं; बादल्या भरायचं काम पोरांकडेच दे, दोघांत एक बादली. आणि हो, डबे उघडण्याआधी सगळ्यांचे हात साबणाने धुऊन घे, खरारा केल्यावर नखांत केस अडकलेले असतात.