पाडव्याच्या गाडीबद्दल आत्याचं पत्र

बेंबळी, ता. जि. धाराशिव
१५ फेब्रुवारी २०२६

चि. सुमित यास,


तू पाठवलेलं कोटेशन चष्मा लावून दोनदा वाचलं. १९ मार्चला पाडवा आहे आणि त्या दिवशी गाडी दारात उभी करायचीच असं तू म्हणतोस, हे दादाने सांगितलं. गाडी घे. दादाला सोलापूरच्या दवाखान्यात न्यायचं तर त्याच्या जुन्या गाडीच्या नि एसटीच्या भरवशावर आता भागत नाही. घेऊ नको म्हणणारी मी नाही. पण मी गावातच दिलेली, घरात पैसा कसा येतो नि कसा जातो ते मला ठाऊक. त्यात नोकरी सगळी बँकेत, कर्जाच्या टेबलावर झाली. तिथं बसून मी हेच बघत आले की माणूस पाच हजारांच्या सवलतीसाठी तासभर हुज्जत घालतो आणि पन्नास हजारांच्या कागदावर न वाचता सही ठोकतो.

तुझ्या कागदावर सगळ्यात ठळक अक्षरात काय छापलंय? 'फक्त ९,६५३ रुपये महिना'. गाडीची पूर्ण किंमत त्याच्या निम्म्या आकाराच्या अक्षरात आहे. सहा लाख कर्ज, नऊ टक्के व्याज, सात वर्षं, असा तो हिशेब. हेच कर्ज पाच वर्षांत फेडलंस तर हप्ता साधारण १२,४५५ होतो. ऐकायला जड वाटतो. पण पाच वर्षांत व्याज जातं १ लाख ४७ हजार आणि सात वर्षांत २ लाख ११ हजार. मधले चौसष्ट हजार रुपये कशाचे, तर हप्ता हलका दिसण्याचे. म्हणून शोरूममध्ये 'महिन्याला किती जमेल?' असं विचारलं की उत्तरच देऊ नको. गाडी एकूण केवढ्याला पडते तेवढंच विचारायचं आणि तो आकडा कागदावर येईपर्यंत कर्जाचा विषय काढायचा नाही.

दुसरं, कुणी 'आमच्याकडे सातच टक्के' म्हणाला तर 'फ्लॅट की घटत्या शिलकीवर?' हे आधी विचार. फ्लॅट सात टक्के म्हणजे तू मुद्दल फेडत गेलास तरी व्याज पूर्ण सहा लाखांवरच लागत राहतं. पाच वर्षांचे दोन लाख दहा हजार होतात. घटत्या शिलकीच्या हिशेबात तो दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो. सातच्या पाटीखाली साडेबाराचा माल. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये रेपो दर साडेसहावरून सव्वापाचवर आणला, तेव्हा बँकेत जाऊन दराबद्दल तोंड उघडायला आत्ता जागा आहे. आधी पगार जमा होतो त्या बँकेतून मंजुरीपत्र घे, ते खिशात ठेवूनच शोरूमची पायरी चढ. शोरूमवाल्याने त्याहून कमी दर लेखी दिला तर त्याच्याकडून घे, आपलं काही बिघडत नाही. आणि मुदतीआधी रक्कम भरली तर दंड किती, हे मंजुरीपत्रात बघ. आपल्याकडे सोयाबीनचा पैसा येतो तो एकदम येतो. गेल्या सप्टेंबरच्या अतिवृष्टीत तो आलाच नाही हे खरं, पण ज्या साली येईल त्या साली दादा मुद्दलात टाकू म्हणाला तर त्यावर दंड बसायला नको.

आता कोटेशनच्या ओळी घे. एक्स-शोरूम ६,४९,०००. त्याखाली 'जीएसटी बेनिफिट ६०,५००' असं हिरव्या शाईत, जणू शोरूमच्या मालकाने स्वतःच्या खिशातून दिलेत. अरे, गेल्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, केंद्राने लहान गाड्यांवरचा कर उतरवला. चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी असेल तर आधी जीएसटी २८ टक्के आणि वर एक टक्का उपकर होता, आता सरसकट १८. साडेपाच लाख मूळ किमतीवर फरक बरोबर साडेसाठ हजारांचा. तो तुला कुठल्याही शोरूममध्ये मिळतोच. त्यांना म्हणावं, सरकारचं सरकारने दिलं, तुमचं काय ते बोला.

आरटीओच्या ओळीत ८४,००० लिहिलेत. आपल्या राज्यात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल मोटारीला कर ११ टक्के, म्हणजे ७१,३९० रुपये. नोंदणी फी, कर्जाचा बोजा चढवणं, स्मार्ट कार्ड असले बारके खर्च धरले तरी वर चार-पाच हजारांच्या पुढे जायला नकोत. उरलेले आठ हजार कशाचे, हे शांतपणे विचार आणि आरटीओची पावती मिळेल तेवढेच देईन म्हणून सांग. 'हँडलिंग चार्जेस ७,५००' ही ओळ तर सरळ खोडायला लाव. गाडी कारखान्यातून शोरूमला आणण्याचा खर्च किमतीत धरलेला असतो, तो तू दुसऱ्यांदा का द्यायचा?

सगळ्यात जास्त पैसा अडकलाय तो विम्याच्या ४१,००० मध्ये. १००० ते १५०० सीसीच्या नव्या मोटारीचा तीन वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ साली ठरला तो १०,६४०, वर जीएसटी. म्हणजे साडेबारा हजार झाले. तिथं घासाघीस नाही, तो दर सगळीकडे सारखा. उरलेले अठ्ठावीस हजार मात्र गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा आणि त्याला चिकटवलेल्या जोडण्या, आणि हा दर कंपनीगणिक बदलतो. 'विमा आमच्याकडूनच घ्यावा लागेल' असं ते म्हणतील. लागत नाही. विमा नियामकाने २०१७ मध्ये वितरकांसाठी नियम घातले, त्यांना सक्ती करता येत नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर काढ, गाडीची विमा रक्कम सगळीकडे सारखीच धरलीय ना ते बघ, नाहीतर स्वस्त दिसतं ते रक्कम कमी धरल्यामुळे. झीरो डेप, म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारी जोडणी, तेवढी घे, त्यात काटकसर नको. किल्ली हरवल्याचा विमा वगैरे राहू दे.

यातच तुझ्या ध्यानात न आलेली एक गोष्ट आहे. दादाच्या जुन्या गाडीवर इतक्या वर्षांत एकही क्लेम नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसला की नो क्लेम बोनस पन्नास टक्के होतो आणि तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकली तरी विमा कंपनीकडून तसं पत्र घेऊन तो नव्या गाडीला लावता येतो. पण तुझ्या नावावर गाडी घेतलीस तर दादाचा बोनस तुला मिळत नाही. तेव्हा गाडी दादाच्या नावावर घे आणि कर्जात तू सहकर्जदार राहा. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता तिथेच निम्मा होतो. एमएच २५ चा नंबर दारात उभा राहील याचा दादाला आनंद होईल तो वेगळाच.

नंबरावरून आठवलं. ४१४१ घ्यायचा तुझा बेत आहे म्हणे, पाटीवर 'दादा' वाचता यावं म्हणून. पसंतीच्या नंबरांची फी सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये वाढवली आहे, आणि २०१९ पासून नव्या गाडीला येते ती हाय सिक्युरिटी पाटी. तिच्यावर साच्यातले इंग्रजी आकडे असतात. ते 'दादा' कुणाला वाचता येणार?

सूट मागायची कशी, ते सांगते. २०१० च्या ऑक्टोबरात तेव्हाच्या औरंगाबादेत एकदम दीडशे मर्सिडीज आल्या होत्या. तू तेव्हा शाळेत असशील. शहरातल्या धनिकांनी एकत्र येऊन कंपनीशी बोलणी केली होती. सौदा साधारण ६५ कोटींचा, त्यातलं चाळीस कोटींच्या वर कर्ज स्टेट बँकेचं आणि तेही सात टक्क्यांनी. पेपरवाले गाड्यांचे फोटो छापत होते, आम्ही बँकेतली माणसं त्या सात टक्क्यांकडे बघत होतो. त्याच डिसेंबरात पत्रकार पी. साईनाथांनी 'द हिंदू'त त्या मर्सिडीजबरोबर शेतकऱ्यांच्या ट्रॅक्टरबद्दलही लिहिलं. ट्रॅक्टरच्या कर्जाला दर त्या सात टक्क्यांहून चढाच. याचा राग मला अजून येतो. ज्याला गरज नाही त्याच्यापुढे बँक वाकते आणि ज्याचं पोट त्या यंत्रावर आहे त्याला चढा दर, हे मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. पण त्या श्रीमंतांनी एक गोष्ट बरोबर केली. ते एकेकटे गेले नाहीत आणि गाडीच्या किमतीबरोबर व्याजाचीही घासाघीस केली. तुझ्या कंपनीतले तिघं-चौघं याच दोन महिन्यांत गाडी घेणार असतील तर मिळून जा. कंपनीच्या ओळखपत्रावरची कॉर्पोरेट सूट वेगळी असते, ती आपणहून कुणी सांगत नाही, मागावी लागते. लातूर, सोलापूर, धाराशिव, तिन्हीकडून लेखी कोटेशन घे आणि एकाचं दुसऱ्याला दाखव.

आणि पाडवा. त्या दिवशी शोरूमबाहेर हार घातलेल्या गाड्यांची रांग असते, तुझ्याशी घासाघीस करायला तिथं कुणाला वेळ आहे? पाडवा झाला की बारा दिवसांत आर्थिक वर्ष संपतं. ज्या शोरूमचं वर्षाचं टार्गेट थोडक्यात हुकत असेल तिथला मॅनेजर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जे देईल ते १९ तारखेला देणार नाही. त्याहून धीर धरलास तर १७ मेपासून १५ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ आहे. धोंड्याच्या महिन्यात आपल्याकडे जावयाला वाण देतात, गाडी कुणी घेत नाही. शोरूम ओस असतात. वहिनीला हे पटणार नाही, तिच्याशी मी बोलेन. गाडीची पूजा काय, कुठल्याही मंगळवारी तुळजापूरला नेऊन होते.

२०२५ मध्ये बनलेली, यार्डात उभी राहिलेली गाडी ते जास्त सूट देऊन गळ्यात मारतील. दहा वर्षं वापरणार असशील तर खुशाल घे, पण सूट तेवढी घसघशीत हवी, कारण आरसी बुकावर बनल्याचा महिना-साल असतं आणि विकताना गिऱ्हाईक तेच बघतं. सीट कव्हर, मॅट, कोटिंगचे १८,००० कापून टाक, बाहेर निम्म्यात होतात. वाढीव वॉरंटीचे १३,००० मात्र राहू दे, ती मला पटते.

जुन्या गाडीचे एक्स्चेंजमध्ये ते काय देतात ते नव्या गाडीच्या सुटीपासून वेगळं लिहून घे, नाहीतर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढतात. इथला एक किराणा दुकानदार ती गाडी दीड लाखाला घ्यायला तयार आहे, रोख. शोरूमवाल्याचा आकडा आला की कळव, दुकानदाराला मी शनिवारपर्यंत थांबवून धरते.

तुझी,
आत्या