मेजर कोणताही घ्या, केमिस्ट्री सोडू नका

जून-जुलैत वाशिम जिल्ह्यात दोन धांदली एकदमच येतात. एक सोयाबीनच्या पेरणीची, दुसरी कॉलेजच्या प्रवेशाची. बियाण्याची उगवणशक्ती तपासून घेणारा बाप मुलीचे विषय मात्र झेरॉक्सच्या दुकानात उभ्याउभ्या भरून टाकतो. ‘नीटला नंबर नाही लागला, म्हणून बी.एस्सी.ला टाकलं,’ हे रिसोडपासून मानोऱ्यापर्यंत ऐकू येतं. अर्धी गडबड त्या ‘टाकलं’मध्येच आहे.

पदवीला जीवशास्त्र असा एकच विषय राहत नाही. वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र अशा त्याच्या फांद्या होतात. कोणत्या कॉलेजात कोणती फांदी आहे ते आधी विचारावं लागतं. त्यात नव्या शैक्षणिक धोरणाने मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह हे शब्द आणले. घाबरू नका. मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा. बाकीचे पेपर क्रेडिट पूर्ण करायला असतात, पण तेही डोळे मिटून घेऊ नयेत.

विषयाच्या नावाने पुढे काय फरक पडतो? अन्नसुरक्षा अधिकाऱ्याच्या पात्रतेत सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्या पदव्या आहेत. वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र नाहीत. भारतीय वनसेवेत नेमकं उलट. तिथल्या यादीत वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र आहे, सूक्ष्मजीवशास्त्राचं नाव नाही. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्यात रमणाऱ्या मुलाने ‘मायक्रोला स्कोप आहे’ एवढं ऐकून फॉर्म भरला, तर हे तीन वर्षांनी कळतं. दोन्ही याद्यांत सापडणारा एक विषय म्हणजे रसायनशास्त्र: वनसेवेला ते पदवीच्या विषयांत असलं तर चालतं, अन्नसुरक्षेला त्यात एम.एस्सी. लागते. अवघड वाटतं म्हणून मुलं तोच विषय आधी सोडतात. मेजर जीवशास्त्राच्या घरातला घ्या आणि सोय असेल तिथे केमिस्ट्री जोडीला ठेवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गणिताचंही तसंच. बारावीला ‘सुटलो एकदाचे’ म्हणून गणित सोडलेलं असतं. आयआयटीच्या एम.एस्सी. प्रवेशासाठी होणाऱ्या जॅम परीक्षेत जैवतंत्रज्ञानाच्या पेपरला ते परत भेटतं, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोबत घेऊन. कॉलेजात संख्याशास्त्राचा किंवा संगणकाचा प्राथमिक पेपर घेता येत असेल, तर तो घ्यावा. सोयाबीनवरचा पिवळा मोझॅकच पाहा ना. रोग विषाणूचा, पसरवते पांढरी माशी, पिवळं पडतं पान. म्हणजे तिन्ही फांद्या एकाच धुऱ्यावर आल्या. पण कोणत्या वाणाला रोग कमी लागला हे सांगायचं तर आकडेमोड करावीच लागते.

नीट पुन्हा द्यायची असेल, तर ते प्रवेशाआधीच घरात बोलून घ्या. नुसतं नाव कॉलेजात आणि मुलगा क्लासच्या गावी, असं केलं की हजेरी बुडते, प्रॅक्टिकल बुडतं, आणि नीटही साधेलच असं नाही.

राहिला एसटीचा प्रश्न. विज्ञानाची प्रॅक्टिकलं दुपारनंतरही चालतात. फॉर्मवर सही करण्याआधी एकदा कॉलेजात जा. सूक्ष्मदर्शक कपाटात आहेत की टेबलावर, ते दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. मग वेळापत्रक घ्या आणि गावाकडची शेवटची बस किती वाजता सुटते, ते त्याच्याशी ताडून बघा.