विकलेला माल परत बोलावला जातो तेव्हा

माल विकला, बिल फाडले, पैसे गल्ल्यात पडले की व्यवहार संपला, असा आपल्या बाजारात समज आहे. कापडाच्या धंद्यात तो बराचसा चालून जातो. रंग उतरला तर गिऱ्हाईक चार शब्द सुनावते, आपण तुकडा बदलून देतो आणि प्रकरण मिटते. पण वीज, गॅस, वाफ किंवा बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंचे तसे नाही. त्यांच्यात कारखान्यातूनच एखादा ऐब राहून गेला असेल तर तो गिऱ्हाइकाच्या घरात, झोपलेल्या मुलाबाळांच्या शेजारी उघडा पडतो. अशा वेळी कंपनी स्वतःहून किंवा सरकारच्या हुकमाने विकलेला माल परत बोलावते. याला ‘रिकॉल’ म्हणतात.

वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी या गावांत आपले कितीतरी बंधू फ्रीज, कूलर, मिक्सर, मोबाइल विकतात किंवा दुरुस्त करतात. दूध, थंड पेये, आइसक्रीम, मटण यांचा धंदा करणाऱ्यांची तर रोजीच फ्रीजवर आहे. म्हणून रिकॉलची बातमी आली तर काय करावे, हे प्रत्येकाने आधीच समजून घेतले पाहिजे.

रिकॉल आणि वॉरंटी यांतील फरक

वॉरंटीत तुमची एक वस्तू बिघडलेली असते आणि मुदत शिल्लक असेल तर कंपनी ती नीट करून देते. रिकॉलमध्ये वस्तू ठणठणीत चालू असू शकते. पण ज्या लॉटमधून ती आली तो सगळा लॉटच संशयाखाली असतो. कापडवाल्याला हे लवकर कळेल. एकाच रंगाच्या घाणीतून निघालेल्या पन्नास ताग्यांपैकी दोन ताग्यांचा रंग सुटला, तर शहाणा व्यापारी उरलेले अठ्ठेचाळीस तागे गिऱ्हाइकाच्या धुण्याची वाट पाहत ठेवत नाही. तो लॉट नंबर बघतो आणि माल बाजूला काढतो. रिकॉल म्हणजे नेमके हेच. फरक इतकाच की येथे रंग नव्हे, जीव जाण्याची भीती असते.

चालत्या घरातील फ्रीज

याचे एक मोठे उदाहरण अमेरिकेतील आहे. तिकडे पुष्कळ लोक मोटारीवर बांधलेल्या घरात प्रवास करतात. त्यात झोपायला जागा, चूल आणि फ्रीज असतो. हा फ्रीज आपल्या घरच्यासारखा कॉम्प्रेसरवर चालत नाही. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन बंद नळ्यांत भरलेले असतात. खाली गॅसची ज्योत किंवा विजेचा हीटर उष्णता देतो आणि त्या उष्णतेच्या जोरावर आत थंडावा तयार होतो. ही युक्ती १९२२ साली स्वीडनमधील दोन विद्यार्थ्यांनी शोधली.

२००६ साली डोमेटिक कंपनीने असे नऊ लाखांहून अधिक फ्रीज परत तपासणीला बोलावले. ते १९९७ ते २००३ या काळात बनलेले होते. ज्या नळीला उष्णता दिली जाते तिला कालांतराने बारीक चीर पडण्याची शक्यता होती. चिरेतून दाबाखालचा वायू बाहेर येणार आणि शेजारीच ज्योत. मग आग लागायला वेळ कितीसा? विचार करा, हे फ्रीज तोवर उत्तम थंड करत होते. मालकाला तक्रार करण्यासारखे काही दिसतच नव्हते. ‘थंड करतो म्हणजे ठीक आहे’ हा आपला नेहमीचा हिशेब येथे चुकतो.

आपल्या घरच्या फ्रीजची बनावट निराळी असल्याने हाच दोष त्यात नसतो. पण वस्तू चालू आहे आणि वस्तू सुरक्षित आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा धडा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो.

आपल्या देशातील तीन प्रकरणे

पहिले प्रकरण मोबाइलच्या बॅटरीचे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकिया कंपनीने बी.एल.-५सी या बॅटरीबाबत जाहीर सूचना काढली. डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात जपानच्या मात्सुशिता कंपनीने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज करताना जास्त तापू शकतात, असे त्यात म्हटले होते. बॅटरीच्या मागचा नंबर पाहून ती संशयित लॉटमधील आहे की नाही हे ठरवायचे आणि असेल तर मोफत बदलून घ्यायची, अशी सोय होती. पण आपल्याकडे अफवा सूचनेच्या पुढे पळाली. मोबाइल बाँबसारखा फुटतो असे ऐकून लोकांनी सेवा केंद्रांवर गर्दी केली. ज्या दुकानदाराने शांतपणे नंबर तपासून दिला त्याच्याकडे गिऱ्हाईक टिकले.

दुसरे आपल्या महाराष्ट्रातील. २६ मार्च २०२२ रोजी पुण्यात ओला कंपनीची एक ई-स्कूटर पेटली. पुढच्या महिन्यात कंपनीने त्याच लॉटच्या १,४४१ स्कूटर तपासणीसाठी परत बोलावल्या. पेटलेली गाडी एकच होती. तरी तपासणी साऱ्या लॉटची करावी लागली.

तिसरे प्रेशर कुकरचे. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. तरीही चिन्ह नसलेले कुकर ऑनलाइन विकले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ॲमेझॉनला आदेश दिला की, असे २,२६५ कुकर घेणाऱ्या ग्राहकांना कळवावे, माल परत घ्यावा, पैसे परत करावेत आणि १ लाख रुपये दंड भरावा. फ्लिपकार्टलाही ५९८ कुकरबद्दल असाच आदेश झाला. पुढे हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. आपण एवढे लक्षात घ्यावे की, ‘माल आम्ही बनवला नाही, आम्ही फक्त विकणारे’ हे उत्तर प्राधिकरणाने मान्य केले नाही.

दुकानदाराने काय करावे

१) रिकॉलचे पत्र किंवा बातमी आली की प्रथम कंपनीच्या अधिकृत वितरकाकडून किंवा सेवा केंद्राकडून खात्री करावी. केवळ मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशावर माल हटवू नये आणि तो खोटाच असणार असे समजून गप्पही बसू नये.

२) मॉडेल नंबर, सीरियल नंबर आणि बनल्याची तारीख सूचनेशी ताडून पाहावी. फ्रीजवर ही पट्टी बहुधा आतल्या भिंतीवर किंवा मागच्या बाजूला असते.

३) दुकानात व गोदामात त्या नंबरचा माल असेल तर त्याच दिवशी वेगळा ठेवून ‘विक्रीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावावी. सवलत देऊन असा माल खपवणे म्हणजे दुसऱ्याच्या घरात निखारा ठेवणे होय.

४) विकलेल्या मालाच्या गिऱ्हाइकांना कळवावे. येथे पक्क्या बिलाचे मोल कळते. बिलावर सीरियल नंबर, गिऱ्हाइकाचे नाव व फोन असेल तर एका दुपारी सगळ्यांना निरोप जातो. कच्ची पावती देणाऱ्याला कोणाचे दार ठोठवावे हेच समजत नाही. उधारीची वही आपण जपून ठेवतो. सीरियल नंबरची वहीही तशीच जपावी.

५) कोणाला, कोणत्या तारखेला कळवले याची नोंद ठेवावी. उद्या वाद उभा राहिला तर ही नोंदच तुमची साक्षीदार आहे.

कारागिरांसाठी खास ताकीद

घरगुती फ्रीजच्या अनेक नव्या मॉडेलमध्ये आर-६००ए हा वायू असतो. तो ओझोनच्या थराला धक्का लावत नाही, पण पेट घेणारा आहे. मात्रा काही दहा ग्रॅमांची असते, म्हणून तो वजन करूनच भरावा लागतो. कॉम्प्रेसरवरील व मागील पट्टी वाचल्याशिवाय नळीला ज्योत लावू नये. बंद खोलीत काम करू नये. जो वायू लिहिला आहे त्याच्या जागी हाताशी असलेला दुसरा भरू नये. रिले, थर्मोस्टॅट, वायर यांच्या जागी मिळेल तो सुटा भाग बसवू नये. रिकॉल झालेला फ्रीज दुरुस्तीला आला तर ‘मी करून देतो’ म्हणण्यापेक्षा गिऱ्हाइकाला कंपनीकडे पाठवावे. तिकडे काम बहुधा मोफत होते. आणि तुमच्या हाताने बदल झाला तर जबाबदारीचा धागा तुमच्यापर्यंत येतो.

कायदा काय म्हणतो

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्यात सदोष मालामुळे जीवित, शरीर किंवा इतर मालमत्तेचे नुकसान झाल्यास भरपाईची स्वतंत्र तरतूद आहे. बनवणाऱ्याची जबाबदारी कलम ८४ मध्ये, सेवा देणाऱ्याची ८५ मध्ये आणि विकणाऱ्याची ८६ मध्ये सांगितली आहे. विक्रेत्याच्या व्याख्येत वस्तू बसवणारा आणि दुरुस्त करणाराही येतो.

बनवणारा दुसरा असला तरी विकणारा केव्हा सापडतो? मालात त्याने बदल केला आणि त्यामुळे नुकसान झाले तर. कंपनीच्या वॉरंटीशिवाय स्वतःची वेगळी हमी दिली तर. बनवणारा कोण हेच माहीत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचत नसेल तर. आणि सर्वांत महत्त्वाचे, कंपनीने दिलेली धोक्याची सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवली नाही व त्यामुळे नुकसान झाले तर. बिनानावाचा स्वस्त माल घेऊन विकणाऱ्यांनी यातील तिसरा मुद्दा पुन्हा वाचावा. कंपनीचा पत्ता नसेल तर तुमचे दुकान हाच पत्ता ठरतो.

आपण स्वतः गिऱ्हाईक असू तेव्हा

कायद्यात व्यापारी कामासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ‘ग्राहक’ धरला जात नाही. मात्र केवळ स्वतःच्या मेहनतीने पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो ग्राहकच असतो. लहान दूधवाला किंवा शरबतवाला यांना ही सूट उपयोगी आहे. पण सदोष मालाच्या भरपाईच्या या तरतुदीत धंद्याचे बुडालेले उत्पन्न धरलेले नाही. त्यामुळे माल मोठा असेल तर विम्याचा विचार वेगळा करावा.

कंपनीने ‘वापर थांबवा’ असे सांगितले असेल तर फ्रीजचा प्लग काढून ठेवावा. विदर्भाच्या मे महिन्यात हे जड जाते हे खरे. पण आधी आतला माल शेजारच्या दुकानात हलवावा आणि मग प्लग काढावा. ‘सीझन निघून जाऊ द्या’ म्हणू नये. जुना फ्रीज विकत घेताना सीरियल नंबर सेवा केंद्रात विचारून घ्यावा, कारण कंपनीची सूचना पहिल्या मालकाच्या पत्त्यावर जाते, तुमच्या नाही. रिकॉल झालेला फ्रीज भंगारात किंवा गरीब नातेवाइकाला देऊन सुटका करून घेऊ नये. धोका तेवढाच राहतो, फक्त घर बदलते.

कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. धोकादायक मालाची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी देता येते. भरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे; त्याची मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे. बिल, वॉरंटी कार्ड आणि नंबरपट्टीचा फोटो सांभाळून ठेवावा.

रिकॉलमुळे दुकानाची अब्रू जाते अशी पुष्कळांना भीती वाटते. अनुभव उलट आहे. मालातील ऐब कारखान्याचा असतो, पण तो लपवला की आपला होतो. ज्या दुकानदाराचा फोन गिऱ्हाइकाला आगीच्या आधी येतो, त्याच्याकडे ते गिऱ्हाईक पुढच्या लग्नसराईतही येते.