सडा, पुळण आणि खाडी: जेसीबीची झीज वेळेत ओळखण्याची कृती

कोकण किनाऱ्यावरच्या केळशीत काम करणाऱ्या जेसीबीला आठवडाभरात तीन तऱ्हेची जमीन उकरावी लागते. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, आंब्याच्या कलमांसाठी जांभ्यात खड्डे घ्यायचे, खाली पुळणीलगतच्या नारळ-पोफळीच्या वाडीत रेताड जमीन सारखी करायची आणि भारजेच्या खाडीकाठी चिखलात बांध घालायचा. चैत्रातली महालक्ष्मीची यात्रा आटोपली की पावसाआधीची कामं उरकण्याची घाई सुरू होते आणि यंत्र दिवसदिवस उभं राहत नाही. या तिन्ही जमिनी यंत्राला वेगवेगळ्या जागी खातात. जांभ्याची लाल धूळ एअर फिल्टरमधून इंजिनाकडे वाट शोधते. रेती पिन-बुशात शिरते आणि पोकलेन असेल तर चेनमध्ये. खाडीचं पाणी आणि खारा वारा होसच्या टोकांवर, वायरिंगच्या जोडांवर आणि सिलिंडरच्या चकचकीत रॉडवर बसतो. सर्व्हिस कंपनीच्या पुस्तकातल्या तासांप्रमाणेच करायची, पण रोजची तपासणी कुठून सुरू करायची ते यंत्र काल कुठे होतं यावर ठरवायचं.

साहित्य साधं आहे. ग्रीस गन, जुनी सुती फडकी, मोजपट्टी, खडू, तारेचा ब्रश, थोडं रॉकेल, लोहचुंबक, उजेडाची बॅटरी, पुठ्ठ्याचा मोठा तुकडा आणि एक वही. सोबत एक माणूस हवाच. ऑपरेटर केबिनमध्ये आणि पाहणारा बाहेर, असं केल्याशिवाय निम्म्या खुणा दिसतच नाहीत.

तपासणी सकाळी, इंजिन थंड असताना. यंत्र सपाटीवर, पार्किंग ब्रेक लावलेला, पुढची आणि मागची दोन्ही बकेटं जमिनीला टेकलेली, चावी खिशात. उचललेल्या बूमखाली किंवा लोडरच्या हातांखाली टेकू दिल्याशिवाय कुणीही शिरायचं नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: हायड्रॉलिक गळती हाताने चाचपून कधीही शोधू नका. चालू यंत्रात तेल 200 बारच्या आसपास दाबाखाली असतं. सुईएवढ्या भोकातून येणारी धार डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीतून आत जाते. वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो, दुखतही नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. धार शोधायला पुठ्ठा पुढे धरा. तेल टोचलं अशी नुसती शंका आली तरी काम सोडून दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना ‘दाबाखालचं तेल अंगात गेलंय’ हे स्पष्ट सांगा, म्हणजे ते साध्या जखमेसारखी पट्टी बांधून परत पाठवणार नाहीत.

सुरुवात यंत्राखालच्या जमिनीपासून. लाल मातीवर तेलाचा डाग लवकर ओळखू येत नाही आणि रेती तर तो पिऊनच टाकते. म्हणून रात्री यंत्र लावताना इंजिनाखाली आणि मागच्या किंगपोस्टखाली, म्हणजे बूम डावी-उजवी फिरते त्या खांबाखाली, पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी त्यावर काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, पिवळसर पातळ असेल तर बहुधा हायड्रॉलिक, रंगीत आणि गोडसर वासाचा असेल तर कूलंट. डिझेल वासावरून कळतं. थेंब किती पडले यापेक्षा ते कालच्यापेक्षा वाढले का, हे बघा.

मग पातळ्या. इंजिनाची गेजपट्टी पुसून पुन्हा घालून काढा. ऑइल कमी झालं तर लक्ष जातंच, पण न घालता वाढलं तर अधिक सावध व्हा: त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय. ताकासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी नक्की, आणि तसं इंजिन सुरूच करायचं नाही. हायड्रॉलिक टाकीच्या काचेतही हाच रंग शोधा. डिझेल फिल्टरच्या तळाचा नळ सोडून साचलेलं पाणी काढा. कोकणच्या दमट हवेत ते रोज थोडं का होईना सापडतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका.

आता पिन आणि बुश. जेसीबीच्या झिजेची खरी कथा इथेच घडते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ग्रीस द्यायच्या आधी बघा, नंतर नाही. पिनेच्या कडेला ग्रीसची ओली कडी असेल तर ठीक. तिथे कोरडी, तांबूस पूड दिसली तर थांबा. सड्यावर काम केलेल्या यंत्रात ती नुसती जांभ्याची धूळही असू शकते, म्हणून फडक्याने पुसून टाका आणि दोन तास काम झाल्यावर पुन्हा बघा. पुसल्या जागी पुन्हा तीच बारीक पूड आली तर लोखंड लोखंडाला घासतंय. मग निपलवर गन लावा. ग्रीस दोन्ही कडांनी बाहेर आलं पाहिजे. एकाच बाजूने आलं तर दुसरी बाजू उपाशी आहे. गन दाबूनही आत जात नसेल तर निपल रेतीने बुजलं आहे, ते बदलायला पाच मिनिटंही लागत नाहीत. न बदलता तसंच सोडून दिलेलं निपल हेच या किनाऱ्यावर बुश मरण्याचं सर्वांत मोठं कारण आहे, असं माझं मत आहे.

यानंतर खेळ, म्हणजे जोडातला ढिलेपणा, मोजायचा. ऑपरेटरला मागची बकेट जमिनीवर हलकी टेकवून ती अगदी हळू आत-बाहेर करायला सांगा. तुम्ही बकेटच्या आवाक्याबाहेर बाजूला उभे राहून बकेटच्या पिनेकडे पाहा. सिलिंडरचा रॉड आधी हलला आणि बकेट क्षणभर मागे राहून मग हलली, तर तो क्षण म्हणजेच झीज. हेच डिपरच्या (बकेट आणि बूममधल्या हाताच्या) आणि बूमच्या जोडावर करा. आडवा खेळ मोजायला बकेट जमिनीपासून वीतभर वर ठेवून इंजिन बंद करा, दाताशेजारी जमिनीत खुंटी ठोका, बकेट हाताने एका बाजूला ढकला आणि अंतर मोजा, मग दुसऱ्या बाजूला ढकला आणि पुन्हा मोजा. पाय बकेटखाली येऊ देऊ नका. दोन मापांतला फरक वहीत लिहा. टोकाशी मोजलेल्या या आकड्यात बकेटपासून किंगपोस्टपर्यंतच्या सगळ्या पिनांची झीज एकत्र येते, म्हणून तो मोठा वाटला तर घाबरू नका. महिनाभरात तो वाढू लागला तर मात्र एकेक जोड वेगळा तपासा, किंगपोस्टपासून सुरुवात करून. पिन-बुश बदलायला खर्च थोडा येतो. ते दुर्लक्षून पिनेची जागाच अंडाकृती झाली की बोअरिंग मशीन आणावं लागतं किंवा यंत्र दापोली-खेडच्या बाजूला हलवावं लागतं, आणि ते दिवस नेमके मे महिन्यातले असतात.

बकेटचे दात जांभ्यात लवकर बोथट होतात, हे कुणाला सांगायला नको. बघायचं ते दातामागच्या अ‍ॅडॉप्टरकडे. दात इतका झिजू द्यायचा नाही की अ‍ॅडॉप्टर दगडाला लागेल. दात हाताने हलवून बघा, पिन ढिली असेल तर तो आज संध्याकाळपर्यंत मातीत हरवणार.

सिलिंडरचे रॉड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात तिरपे पाहा. बोटाच्या नखाला अडकेल असा ओरखडा, किंवा मीठ बसून पडलेले टाचणीच्या टोकाएवढे गंजाचे खड्डे शोधा. रॉडवर तेलाचा पातळ चकाकता थर असणं चांगलं. थेंब ओघळत असेल तर सील गेलं आहे. पण खड्डे पडलेल्या रॉडवर नवं सील बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. खड्ड्यांच्या कडा ते पुन्हा कापतात. त्यावर उपाय रोजचाच आहे: यंत्र लावताना जितके रॉड आत घेता येतील तितके आत घेऊन लावा. आतली गळती बाहेरून दिसत नाही, तिच्यासाठी बूम उचला, आजूबाजूची माणसं दूर करा, इंजिन बंद करा, बूमखाली न शिरता खडूने रॉडवर खूण करा आणि दहा मिनिटांनी रॉड किती सरकला ते मोजा. ही चाचणी दर वेळी तेल सारखंच गरम असताना घ्या, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही.

होस पाइपांचं रबर उन्हाने तडकतं, पण किनाऱ्यावर आधी मरतात त्या टोकांच्या लोखंडी टोप्या. त्यांच्या कडेला गंज फुगलेला दिसला, किंवा रबराला फोड येऊन आतली तार दिसू लागली, तर तो होस आजच बदला. वायरिंगचे जोड उघडून हिरवा थर शोधा.

तडे शोधायची एक जुनी युक्ती आहे आणि ती कोकणातल्या छोट्या वर्कशॉपलाही परवडते. बूमचा पाया, लोडरच्या हातांचे जोड, बकेटचे कान, किंगपोस्टभोवतीचं वेल्डिंग या जागा आधी नीट धुवा. रंगावर केसासारखी बारीक तांबडी रेघ दिसली की तारेच्या ब्रशने रंग काढा, जागेला रॉकेल चोळा, थोडा वेळ थांबा, कोरडं पुसा आणि वर खडूची पूड फासा. तडा असेल तर आत मुरलेलं रॉकेल परत वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रेघेची दोन्ही टोकं खुणेने बांधून घ्या, म्हणजे ती वाढते का ते कळेल. पण बूमच्या पायाशी तडा दिसला तर वाढ बघत बसू नका, यंत्र थांबवा. बोल्टांच्या डोक्याखालून गंजाचा ओघळ किंवा चकचकीत घासलेली कडी दिसली तर तो बोल्ट ढिला आहे.

पोकलेन किनाऱ्यावर धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामावर गेलं असेल तर तपासणी चेनपासून सुरू करा. रोज संध्याकाळी चेनमधली रेती आणि चिखल फावड्याने काढा. तिथे साचलेली रेती चेन आणखी ताणते आणि ताणलेली चेन लवकर झिजते, म्हणून ताण मोजायचा तो साफ केल्यावरच. स्प्रॉकेटचे दात टोकदार होऊन एका बाजूला वाकल्यासारखे दिसू लागले तर नुसती चेन बदलून भागणार नाही. रोलरच्या कडेने तेल ओघळतंय का, आणि चालताना एखादा रोलर फिरत नसून घसटतोय का, हेही पाहा.

आता इंजिन सुरू करा आणि काही मिनिटं कामाला हात लावू नका, ऐका. थंडीत सुरुवातीचा थोडा पांढरा धूर क्षम्य आहे. गरम झाल्यावरही राहिलेला पांढरा, निळा किंवा ओझ्याशिवाय येणारा काळा धूर क्षम्य नाही. काळ्या धुराचं पहिलं कारण इथे बहुतेक वेळा एअर फिल्टरच असतो. तो झटकताना आतला छोटा फिल्टर काढून हवेने साफ करू नका. तो बदलायचाच असतो. इंजिन बंद करून फिल्टरनंतरच्या नळीत बोट फिरवा. बोटाला लाल लागलं तर धूळ इंजिनापर्यंत पोचते आहे. यंत्र गरम झाल्यावर बूम खालून पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजा आणि लिहा. थंड असताना चपळ आणि दुपारी सुस्त, असं होऊ लागलं तर पंप किंवा व्हॉल्व्ह आतून झिजतोय.

ऑइल बदलाल तेव्हा जुना फिल्टर फेकू नका. पाइप कटरने कापा, करवतीने नाही, नाहीतर करवतीचाच कीस आत पडून फसवेल. आतल्या घड्या पांढऱ्या कागदावर पसरा आणि खालून चुंबक फिरवा. चुंबकाला ओढले जाणारे कण लोखंडाचे, न ओढले जाणारे सोनेरी कण पितळेच्या जातीच्या बुशाचे. जमल्यास ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा, मात्र सोबत ‘यंत्र जांभ्यात काम करतं’ असं लिहा. जांभ्यात लोह आणि अ‍ॅल्युमिनियम भरपूर असतं, आणि अहवालात ते सिलिकॉनबरोबरच वाढलेलं दिसलं तर आधी हवेच्या नळीतली फट शोधा, मग इंजिनावर शंका घ्या.

खाडीवरून आल्यावर यंत्र त्याच संध्याकाळी गोड्या पाण्याने धुवा. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यांच्या पाण्याने धुतलेलं यंत्र पुन्हा खारवतं. धुतल्यानंतर सगळ्या निपलांना ग्रीस द्या, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर येईल. पावसासाठी यंत्र लावताना डिझेलची टाकी काठोकाठ भरा, उघडे राहिलेले रॉड ग्रीसने माखा, बॅटरीची वायर सोडा. पंधरवड्यातून एकदा, पावसाने उघडीप दिली की, रॉड पुसून, बॅटरीची वायर जोडून इंजिन चालवा, सगळे सिलिंडर पूर्ण उघडून मिटवा, रॉड पुन्हा माखा, आणि वहीत तारीख, तास, शेवटचं काम कुठे होतं आणि तीन आकडे लिहा: आडवा खेळ, दहा मिनिटांत रॉड किती सरकला ते, आणि बूमचे सेकंद.