आज्ञाभंग आणि खांड

परमेश्वराची आज्ञा मोडली असता परमेश्वर कोपून शिक्षा करतो, अशी समजूत पुष्कळ वासनिकांच्या मनात असते. ती सिद्धांतास धरून नाही. कर्मफळे भोगविणे हे देवतांचे कार्य. परमेश्वर कृपाळू आहे, त्याचा निषेध जीवाच्या रक्षणासाठी आहे. मग दुःख येते कोठून?

कवीश्वर भास्करभट्ट बोरीकरांच्या उद्धवगीतेमुळे भागवताचा एकादश स्कंध पंथीयांस परिचित आहे. यादवकुमारांनी सांबास गर्भिणीचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली. शापाने मुसळ झाले. त्याचे चूर्ण समुद्रात टाकले, तर लाटांनी ते काठास आणले व त्याचे एरका नामक तृण उगवले. मौसलपर्वातील एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. मद्य कोणी करू नये अशी दवंडी त्या वेळी पिटली होती, आणि ती ज्यांच्या नावे पिटली त्यांत श्रीकृष्णचक्रवर्तींचेही नाव होते. प्रभासक्षेत्री यादव प्याले ते हा निषेध मोडून, प्रत्यक्ष त्यांच्या देखत. सात्यकीने कृतवर्म्यास डिवचले, शस्त्र चालले, आणि त्याच तृणाने कुळाने कुळ मारले. शाप ऋषींचा खरा, पण मद्याचे पात्र यादवांच्याच हाती होते.

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग-पेणच्या खारेपाटात, हा न्याय डोळ्यांनी पाहता येतो. तेथील भातशेती मातीच्या बांधाच्या आश्रयाने होते. खेकड्याचे बीळ वेळीच बुजविले नाही, तर उधाणाच्या भरतीस तेथेच खांड पडते व खारे पाणी शेतात शिरते. समुद्र रागावलेला नसतो. अमावास्या-पौर्णिमेस उधाण येणारच. १९७९ च्या खारभूमी विकास अधिनियमाने पुष्कळ बांधांची जबाबदारी शासनाकडे गेली, तरी बीळ प्रथम दिसते ते काठावरच्या माणसालाच. विकार, विकल्प, हिंसा हे दोष असेच बिळाएवढ्या वाटेने शिरतात. भिक्षेस एक दिवस आळस केला, एवढेही निमित्त पुरते.

खांड बांधून काढली तरी लगेच पीक येत नाही. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून ओहोटीला उघाडीतून बाहेर सोडावे लागते. असे काही पावसाळे गेले म्हणजे खार उतरतो. अनुशोचाचेही तसेच आहे. दोषाची वाट मोकळी ठेवून केलेला अनुशोच म्हणजे खांड न बांधता पावसाची वाट पाहणे. कृपा वर्षते, पण पुढची भरती पुन्हा खारे पाणी आत आणते.

प्रभासास यादवांना अनुशोचापुरताही अवधी उरला नाही. उद्धवदेवांनी मात्र वियोगाचे दुःख सोसून, आज्ञा झाली त्याप्रमाणे, आधीच बदरिकाश्रमाची वाट धरली होती.