लष्करी बंदुकांचा छंद: लोखंड स्वस्त, कागद महाग

डोंबिवलीच्या दोन खोल्यांत भिंतीवर एक जुनी थ्री-नॉट-थ्री टांगावी, अशी हौस पुष्कळांना असते. कधी युद्धपट पाहून येते, कधी आजोबांच्या पलटणीच्या गोष्टी ऐकून येते. अमेरिकेत असली रायफल माणूस दुकानात जाऊन घेतो. आपल्याकडे ती परवडणार की नाही, हा प्रश्न नंतरचा. आधी कायदा बघावा लागतो.

शस्त्र नियमांच्या यादीत .३०३ आणि ७.६२ मि.मी.ची लष्करी काडतुसं चालणाऱ्या रायफली, .४१० ची मस्केट आणि .३८०, .४५५ किंवा लष्करी ९ मि.मी.ची काडतुसं घेणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं, हे सगळं ‘प्रतिबंधित’ गटात बसतं. म्हणजे थ्री-नॉट-थ्री ली-एनफील्ड गेली, वेब्ली रिव्हॉल्व्हर गेलं, पोलीस पहाऱ्यावरची जुनी मस्केटही गेली. संग्राहकाला जे हवं नेमकं तेच. विनापरवाना जवळ सापडलं तर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान ७ वर्षांची कैद, कमाल १४. कुणी ‘पन्नास हजारांत देतो, कागद नंतर करू’ म्हणाला तर त्या पन्नास हजारांत वकिलाची फी धरलेली नाही, एवढं लक्षात ठेवा.

मग एनफील्डच्या घराण्यातलं काय मिळू शकतं? ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ स्पोर्टिंग रायफल. खटका जवळपास एनफील्डचाच, काडतूस वेगळं. लष्कराची चोरलेली काडतुसं नागरी बंदुकीत चालू नयेत म्हणून इंग्रजांनी हा बोअर चालवला, आणि पुढे आपण तो तसाच ठेवला. ही प्रतिबंधित नाही, पण परवाना लागतोच. वय २१ पूर्ण हवं, आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच अग्निशस्त्रं (२०१९ पर्यंत तीन होती). दोन नगांचा संग्रह म्हणजे संग्रह कसला, असं वाटत असेल तर छंदाची दिशा इथेच बदला.

परवान्याचा अर्ज ए-१ नमुन्यात. ठाणे, भिवंडी, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या भागासाठी ठाणे पोलीस आयुक्तालय. मुरबाड-शहापूरकडे राहत असाल तर जिल्हाधिकारी. सरकारी फी हा या खर्चातला सर्वांत किरकोळ आकडा. खरा खर्च वैद्यकीय दाखला, शस्त्र हाताळणीचं प्रशिक्षण, घरातली कुलुपाची मजबूत पेटी आणि पोलीस चौकशीचे हेलपाटे यांचा. त्यातही ‘मला जुनी शस्त्रं आवडतात’ हे कारण कुणाला पटवून देणं अवघड; स्वसंरक्षण किंवा नेमबाजी असं काही दाखवावं लागतं. शिवाय निवडणूक आली की बंदूक जमा करण्याची नोटीस येऊ शकते. लोकसभा, विधानसभा, महापालिका, मोजा.

आपल्याकडे जुनी बंदूक खरोखर घरात येते ती वारशाने. कोकणात किंवा शहापूरकडे आजोबांची बारा बोअर असते, आजोबा जातात, आणि बंदूक माळ्यावर पडून राहते. परवाना आजोबांबरोबर संपलेला असतो, हे कुणाच्या ध्यानात नसतं. विनापरवाना साध्या बंदुकीलाही आता २ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. म्हणून विलंब न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करा, पोच घ्या आणि वारस म्हणून स्वतःच्या नावे अर्ज करा. विक्रेता सांभाळण्याचं महिन्याचं भाडं घेतो. दर आधी लेखी ठरवा, कारण परवान्याला लागणारे महिने तुमच्या हातात नसतात. आजोबा हयात असतील तर त्याहून सोपं: धारक ७० वर्षांचा झाला किंवा त्याने शस्त्र २५ वर्षं बाळगलं, की वारसाच्या नावे परवाना मागता येतो. दोनची मर्यादा वारशालाही लागू.

आता ठासणीच्या बंदुका. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्यापुराण्या शस्त्राला कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने आणखी एक सवलत दिली: ‘क्युरिओ’ गटातली शस्त्रं घ्यायला आणि बाळगायला परवाना नको. पण वापरायला, बरोबर न्यायला किंवा वाहून आणायला हवा! दुकानातून घरी ती उडून येणार नाही. तेव्हा पैसे देण्याआधी आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून लेखी उत्तर घ्या. विक्रेत्याचं ‘साहेब, अँटिक आहे’ हे उत्तर नव्हे.

आणि ते अँटिक असतंच असं नाही. मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवर, भिंतीवर लावायच्या नव्या बंदुकाही जुन्या म्हणून पुढे येतात. (शुक्रवारी दुकानं बंद, रस्त्यावरचा बाजार असतो.) घोड्याखालची पट्टी उजेडात तिरकी धरा. कंपनी सरकारच्या अस्सल बंदुकीवर सुरुवातीच्या काळात हृदयाच्या आकारातली अक्षरं, पुढे मागच्या पायांवर उभा सिंह असतो, ठसा खोल आणि कडा झिजलेल्या. नकलेत ‘टॉवर’ हा शब्द उथळ, अक्षरं वरखाली. लाकडाचा रंग काळा, पण स्क्रूच्या खाचा कोऱ्या. मग नळीच्या मागच्या टोकाला बत्ती देण्याचं भोक बघा. पाडलेलंच नसेल तर ती शोभेची वस्तू, शोभेच्याच भावात मागा. आरपार असेल आणि नळी साफ असेल, तर हात मागे घ्या.

संगिनीचंही तेच. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची शस्त्रं नियमांच्या यादीत आहेत, आणि एनफील्डची १९०७ ची संगीन १७ इंची. घरात तलवारी सापडल्या म्हणून गुन्हा नोंदवल्याच्या बातम्या ठाण्याच्या पानावर येतच असतात. जिवंत काडतूस एकसुद्धा नको. पितळी कवचाचं किचेन घेऊन विमानतळावर जाऊ नका.

थोड्या पैशांत जमेल असा खरा छंद माझ्या मते पदकांचा. पहिल्या महायुद्धाचं ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, साधारण ३० ग्रॅमचं. त्या दिवसाचा चांदीचा भाव गुणा, तो तळाचा आकडा. त्याच्या वर जे द्याल ते कडेवरच्या नावाचे. कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. १०३ किंवा ११० मराठा पलटण दिसली तर थांबा: या दोन्ही पलटणी १९१६ च्या एप्रिलमध्ये इराकातल्या कूतला तुर्कांच्या हाती सापडल्या होत्या. अशा पदकाला चांदीच्या दुप्पट-तिप्पट मोजायला हरकत नाही. कड कानशीने घासलेली, एका बाजूला पातळ वाटली तर नाव बदललेलं आहे, चांदीच्या भावाच्या वर एक रुपया देऊ नका. दुसऱ्या महायुद्धाची पदकं ब्रिटिश सैनिकांना कोरी मिळाली, हिंदी सैनिकांना मात्र नाव कोरून. त्यामुळे ती आपल्याकडे जास्त बोलकी, आणि चांदीची नसलेली, ताऱ्याच्या आकाराची पदकं बरीच स्वस्त पडतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी दहा हजारांच्या वर जाऊ नये. त्यातले दोन हजार काचेच्या चपट्या पेटीवर, कारण आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात फिती बुरसतात. सिलिका जेलच्या पुड्या घाला, चांदी पॉलिश करू नका. दोन हजार पुस्तकांवर. एगर्टनचं हिंदी शस्त्रांवरचं १८८० चं पुस्तक प्रताधिकाराबाहेर असल्याने फुकट वाचता येतं. उरलेल्यात दुसऱ्या महायुद्धाची तीन-चार चांगली पदकं, किंवा शांतपणे वाट पाहून एकच.

हातात बंदूक धरल्याशिवाय समाधान नसेल तर .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल विनापरवाना मिळते. ओळखपत्राची प्रत आणि पावती जपून ठेवा. खऱ्या बंदुका पाहायच्या तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पुण्याचं केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा नवा राजवाडा. ठाणेकरांसाठी आणखी एक गोष्ट. नाशिकला २१ डिसेंबर १९०९ ला कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल चालवणाऱ्या अनंत कान्हेरेंना, कर्वे आणि देशपांडे यांच्यासह, १९ एप्रिल १९१० ला फाशी दिलं ते ठाण्याच्या तुरुंगात. त्या खटल्याची जुनी वृत्तपत्रं, छायाचित्रं, पुस्तिका रद्दीवाल्याकडे अजून हाती लागू शकतात, आणि कागद बाळगायला परवाना लागत नाही.

शेवटचं, न्यू जर्सीच्या पुतण्यासाठी: शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली देशाबाहेर नेता येत नाही. पणजोबांची ठासणीची बंदूक सूटकेसमध्ये मावत असली तरी.