सहलीला खुर्ची न्या, इंजेक्शन नको

शाळांना सुटी लागली की दवाखान्यात एक ठरलेली मागणी सुरू होते. "डॉक्टर, शनिवारी कळंबला रिसॉर्टवर सगळे जमतोय. आईचे गुडघे तेवढे दोन दिवस चालतील असं काहीतरी द्या." काहीतरी म्हणजे इंजेक्शन. मी सांगतो, दोन दिवस भाड्याची व्हीलचेअर आणा. आईचा चेहरा लगेच पडतो. "नको हो. एकदा खुर्चीत बसलं की पाय गेलेच समजायचे."

हा समज वसईच्या वाडीतही आहे आणि नालासोपाऱ्याच्या सातव्या मजल्यावरही. म्हणून स्पष्ट लिहितो. पायांतली ताकद जाते ती आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळून राहिल्याने. दोन दिवस खुर्चीत बसल्याने काहीही जात नाही. गुडघ्याची झीज असलेल्या माणसाला दहा मिनिटं चालता येतं, अकराव्या मिनिटाला येत नाही. खुर्ची त्या अकराव्या मिनिटासाठी आहे. नाखवा होडीत बसतो म्हणून पोहायचं विसरत नाही. खोली ते जेवणाची जागा चालत जा, लांबचा पल्ला खुर्चीतून काटा, पोचल्यावर उठून चार पावलं टाका.

खरी अडचण पायांची नसून लोकांच्या नजरेची असते. कारण याच आजी मुलाकडे अमेरिकेला जाताना विमानतळावर व्हीलचेअरमध्ये अगदी ऐटीत बसतात. तिथे पाय ठणठणीत असतात, इंग्रजीची भीती असते. कळंबच्या किनाऱ्यावर मात्र शेजारीण बघेल!

त्यात मोबाइलवर येणारे उपाय. सध्याचा जोरातला म्हणजे वाळूत अनवाणी चाललं की गुडघ्याची गादी पुन्हा भरते. भरत नाही. मऊ, कोरड्या वाळूत चालायला कडक रस्त्याच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते. पाय रुततो, घोटा मुरगळतो, मांडीचे स्नायू थकतात. मधुमेह्यांच्या तळव्यांना तर दुपारच्या तापलेल्या वाळूचा चटका कळतही नाही. फोड येतो, तो घरी आल्यावर दिसतो.

माझ्या एक पेशंट, सत्तरीच्या आसपासच्या, अशाच हट्टाने सुरूच्या झाडांपासून पाण्यापर्यंत चालत गेल्या आणि चालतच परतल्या. पाय लटपटत होते, तरी नातवाला बघायला तरणतलावाच्या कडेला उभ्या राहिल्या. ओली फरशी, रबरी सपाता. कमरेवर पडल्या. घरच्यांनी तेल चोळलं, मग कुणीतरी हाडवैद्य आणला, त्याने पाय ओढून "बसवला". दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना माझ्याकडे आणलं तेव्हा एक पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन नीट झालं, आज त्या वॉकरने घरभर फिरतात. पण पाय ओढणाऱ्याबद्दल अजून माझा संताप होतो. पडल्यावर उभं राहता येत नसेल, पाय आखूड किंवा वळलेला दिसत असेल, तर चोळू नका, ओढू नका, उभं करून बघू नका. आहे तसं आडवं ठेवा आणि १०८ लावा.

आता ते इंजेक्शन. सहलीपुरतं दुखणं दाबलं की माणूस सूज असलेल्या सांध्यावर दिवसभर नाचतो. "ताकदीचं" म्हणून टोचतात त्यात कधी स्टेरॉइड असतं, आणि साखर भडकते. पुड्या देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. याहून वाईट मिश्रण तुम्ही स्वतः घरी तयार करता. बाहेर संडासाची सोय नसेल म्हणून, विशेषतः बायका, सकाळपासून पाणी पीत नाहीत. कडक ऊन. रक्तदाबाची गोळी चालू. वर औषधाच्या दुकानातून विचारून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या. एवढ्यावर मूत्रपिंड बंद पडायला येऊ शकतं. काही जण लघवीची गोळीच बुडवतात. हृदय कमजोर असेल तर रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, आणि मग अनोळखी जागी धावाधाव. गोळी बुडवायची नसते. तिची वेळ बदलता येते, पण ती तुमच्या डॉक्टरांना विचारून.

संडासाची भीती खरी आहे, हे मी नाकारत नाही. त्यावर उपाय आधी फोन करणं. मात्र "व्हीलचेअर चालते का?" असं विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे, "हो हो, आमची पोरं उचलतील." विचारायचं ते असं: खोली तळमजल्यावर आहे का? कमोड आहे का? टेप लावून संडासाच्या दाराची रुंदी सांगता का? साधी खुर्ची पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते. दार निदान बत्तीस इंच हवं. उतार म्हणून फळी टाकलेली असेल तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा उतार सामान चढवायला आहे, माणसाला नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. सार्वजनिक वापराच्या इमारतींत अशी सोय करणं म्हणजे उपकार नाही.

किनाऱ्यावर पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी करून मोठ्या चाकांवर मागे ओढत न्या, आणि ओहोटीला उघडी पडलेली घट्ट ओली वाळू गाठा. भरती कधी आहे ते आधी बघा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी उचलायची मर्दुमकी करू नका. वाळूत तिचा पाय मोडतो. बसता-उठताना दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या वर करा, त्यांच्यावर उभं राहू नका. तीव्र उतार आला तर खुर्ची उलटी करूनच खाली उतरवा.

खोपोलीच्या इमॅजिकाला किंवा थेट ऑरलँडोला नेणार असाल तर दिवसभरात कित्येक किलोमीटर चाल होते, तिथे खुर्ची हवीच. परदेशात बॅटरीची स्कूटरही भाड्याने मिळते. पण आयुष्यात सायकल न चालवलेल्या, कमी दिसणाऱ्या, फिट येणाऱ्या किंवा झोपेची गोळी घेणाऱ्या माणसाला गर्दीत स्कूटरवर बसवू नका. लांबच्या प्रवासानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर मालिश नको, तपासणी हवी.

ज्यांची खुर्ची कायमची आहे, विशेषतः मणक्याच्या दुखापतीमुळे, त्यांना माझं सांगणं वेगळं. तुम्ही जरूर जा, पाण्यातही उतरा. पण ओल्या कपड्यांत दुपारभर गादीवर बसू नका. दर अर्ध्या तासाने अंग उचला किंवा पुढे वाका. मधे भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, तिच्याने जखम वाढते. रात्री आरशात किंवा घरच्यांकडून बैठकीची कातडी पाहून घ्या. आपल्या सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, म्हणून गरम, कडक किंवा काळपट डाग शोधा. दुखापतीखाली घाम येत नसल्याने ऊनही लवकर बाधतं, ओला पंचा जवळ ठेवा. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल आणि अचानक डोकं फुटेल असं दुखून चेहऱ्यावर घाम आला, तर लगेच सरळ बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी अडकली आहे का ते बघा. आराम पडला नाही तर थांबू नका, रुग्णालय गाठा.

रिसॉर्टमधल्या घसरगुंड्यांबद्दल सगळ्यांना एकच. हृदयविकार, मानेचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तर नको. आणि छातीत दडपण आलं तर ते कालच्या भुजिंगचं पित्त आहे असं स्वतःच ठरवू नका.

शनिवारी निघणार असाल तर गुरुवारीच खुर्ची घरी आणा आणि आईला इमारतीच्या आवारात दोन फेऱ्या मारून आणा. शेजारणीला बघायचं ते तिथेच बघून होईल.